हातांचं काय करायचं?

कॅमेरा समोर आला की आपल्याला दोन हात आहेत हे एकदम जाणवतं. एरवी लोकलच्या कडीला लटकणारे, भाजीच्या पिशव्या ओढणारे हे हात त्या क्षणी परके होतात. खिशात घातले तर उगाच ऐट वाटते, जोडले तर शाळेतली प्रार्थना, नुसते सोडले तर राष्ट्रगीत! त्यात मान ताठ, ओठ घट्ट.

पूर्वी या ताठपणाला निदान कारण होतं. १८३९च्या सुमारास फोटोग्राफी आली तेव्हा चेहरा उमटायला मिनिटंच्या मिनिटं लागत. माणूस हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार उभा करत. आपल्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळात डॉक्टरकी सांभाळून फोटो काढायचे. तेव्हाचे पगडीवाले एवढे गंभीर का, तर हसू तितका वेळ टिकवणार कोण? आता सेकंदाच्या शंभराव्या भागात काम होतं, पण आपली मान अजून त्या आधारात अडकलेलीच.

यावरचा उतारा बघायचा तर गेटवेला जावं. गळ्यात कॅमेरा, खांद्याच्या बॅगेत छोटा प्रिंटर आणि हातात नमुन्याच्या फोटोंची चळत घेऊन फिरणारे तिथले फोटोग्राफर मला या विद्येतले खरे उस्ताद वाटतात. परवा गावाकडून आलेलं एक कुटुंब उभं होतं. टोपीवाले काका खांबासारखे ताठ. फोटोग्राफर "स्माईल" वगैरे काही म्हणालाच नाही. "काका, ताजच्या घुमटाचं टोक चिमटीत धरा," म्हणाला आणि गुडघ्यावर बसला. काका कामाला लागले. "अजून वर... जरा डावीकडे..." एक डोळा मिटून, जीभ दातांत धरून त्यांची चिमूट हवेत फिरत होती. "अहो, घुमट धरताय की कबुतर?" काकू म्हणाल्या, काका वळून खळखळून हसले आणि नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. चिमटीचा फोटो नंतर निघालाच, पण घरच्यांनी उचलला तो आधीचा.

आपला फोटो आपल्यालाच आवडत नाही, त्यात थोडा दोष आरशाचाही आहे. १९७७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. तरुणींना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांचा स्वतःचा कल उलट्याकडे, तर जवळच्या माणसांचा सरळकडे. रोज आरशात उजवीकडे दिसणारा भांग फोटोत डावीकडे गेला की आपण बिचकतो. बाकीच्यांना तो कायम तिथेच दिसत आलेला असतो. शिवाय फोन तोंडाजवळ धरला की नाक फुगतं ते वेगळंच. पोर्ट्रेटवाले ८५ मिलिमीटरची लेन्स लावून लांब उभे राहतात ते उगाच नाही. फोनवरही दोन पावलं मागे सरून झूम केलं तरी बराच फरक पडतो.

आमची आई फोटो म्हटलं की पदर सारखा करून पुतळा होते. म्हणून मी ती मटार सोलायला बसली की फोन काढते आणि शेजारच्यांच्या रिडेव्हलपमेंटचा विषय छेडते. मग भुवया उडतात, हात हवेत, शेंग अर्धी सोललेली. असा एक फोटो परवा तिला दाखवला. तिने चष्मा लावून तो नीट न्याहाळला आणि म्हणाली, "बरा आलाय गं, पण मागचं वॉशिंग मशीन कशाला घेतलंस त्यात?"