चौफुल्यावर, वारीच्या वाटेवर

आज तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला निघाली. चौफुल्याजवळ आम्ही चर्चच्या मंडळीतले सातजण कोमट पाणी नि खोबरेल घेऊन बसलो होतो. पत्रकं वाटूया का, असं कुणीतरी विचारलं. मी ठाम नको म्हटलं. फक्त पाय चोळायचे.

एक आजी टेकल्या. टाचांच्या भेगांत डांबर रुतलेलं. "कुठल्या दिंडीतली गं तू?"

"मी ख्रिस्ती आहे, माउली."

पाय मागे घेतला नाही त्यांनी. उलट माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला भरूनच आलं.

1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी मुलींना आणलं ते इथंच, शेजारच्या केडगावला. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता, हे लहानपणापासून ऐकतेय. आज हातांना कळलं. तेलाचा वास अजून आहे.