सुट्टीच्या पिशवीतले विक्रेते

तिमाही संपून आकडे वरिष्ठांकडे पोहोचले आणि मी डोंगराकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. बरोबर काय न्यायचे नाही, हे आधी ठरवले होते. 'तुम्ही करू शकता' असे पानोपानी बजावणारी पुस्तके मी घरीच ठेवली, कारण सकाळच्या आढावा बैठकीत जे वर्षभर ऐकावे लागते, तेच सुट्टीत पैसे मोजून वाचण्यात मला अर्थ दिसत नाही. सेल्समधल्या माणसाने सुट्टीत एखादे संशोधनावर उभे असलेले पुस्तक वाचावे आणि बाकी वेळ साहित्याला द्यावा, असे माझे मत आहे.

जातानाच्या प्रवासात फ्रान्झ काफ्काची 'मेटामॉर्फॉसिस' ही १९१५ साली प्रसिद्ध झालेली दीर्घकथा वाचली. तिचा नायक ग्रेगोर साम्सा कापडाचा फिरता विक्रेता आहे, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. सकाळी जाग येते तेव्हा आपला किडा झाला आहे हे त्याला दिसते, पण त्याला धास्ती असते ती पहाटे पाचची गाडी चुकल्याची आणि आता साहेब काय म्हणतील याची. गाड्यांची वेळापत्रके, अवेळी जेवण, रोज नवी माणसे आणि त्यांतल्या एकाशीही न जुळणारे मैत्र, ही त्याची तक्रार वाचताना फिरतीवरच्या कोणालाही आपलीच डायरी उघडल्यासारखे वाटेल.

मुक्कामी पोहोचल्यावर सकाळच्या वेळा मी नील रॅकहॅम यांच्या 'स्पिन सेलिंग'साठी राखून ठेवल्या. १९८८ सालचे हे पुस्तक सुमारे पस्तीस हजार विक्रीभेटींच्या निरीक्षणावर आधारलेले आहे. लहान किमतीच्या मालात उपयोगी पडणारे क्लोजिंगचे, म्हणजे ग्राहकाकडून होकार घेऊन सौदा पक्का करण्याचे, डावपेच मोठ्या व्यवहारांत उलटतात, हा त्यातला निष्कर्ष आपल्याला शिकवलेल्या बऱ्याच गोष्टींना धक्का देतो. रॅकहॅम प्रश्नांचे चार प्रकार मांडतात: परिस्थितीविषयीचे, अडचणीविषयीचे, त्या अडचणीच्या परिणामांविषयीचे आणि ती सुटली तर काय साधेल याविषयीचे. 'तुमचे यंत्र किती जुने आहे?' हे आपण सगळेच विचारतो. पण 'ते दुपारभर बंद पडले तर पुढच्या विभागाचे काय होते?' असे विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसायला धीर लागतो. व्हरांड्यात बसून मी माझ्या अलीकडच्या भेटी आठवत वहीत प्रश्नांची वर्गवारी करू लागलो, तेव्हा पहिल्या प्रकाराचा रकाना भराभर लांबत गेला. एरवी एवढा निवांत हिशेब मांडायला वेळ मिळत नाही, म्हणून हे पुस्तक सुट्टीतच वाचावे.

पावसाने बाहेर पडणे बंद केले त्या संध्याकाळी आर्थर मिलर यांचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' हे १९४९ सालचे नाटक हाती घेतले. विली लोमन नमुन्यांच्या दोन जड पेट्या घेऊन रंगमंचावर येतो, पण तो नेमके काय विकतो, हे नाटकात शेवटपर्यंत सांगितलेले नाही. फिरती बंद करून शहरातच काम द्यावे, अशी विनवणी करायला तो तरुण मालकाकडे जातो. मालक मात्र नव्या ध्वनिमुद्रण यंत्रावर मुलांचे आवाज ऐकवण्यात रमलेला असतो आणि त्याच भेटीत विलीची नोकरी जाते. लोकांना आपण आवडलो की झाले, या श्रद्धेवर विलीने सारे आयुष्य बेतलेले असते. कामावर रुजू होण्याच्या आदल्या रात्री हे नाटक वाचू नये. सुट्टीच्या मध्यावर वाचावे, म्हणजे त्यावर विचार करायला मोकळे दिवस उरतात.

रॉबर्ट चाल्डिनी यांचे १९८४ सालचे 'इन्फ्लुएन्स' मात्र परतीच्या दिवसांसाठी चांगले. माणसे होकार का देतात हे समजून घेण्यासाठी हा मानसशास्त्रज्ञ स्वतःची ओळख लपवून विक्रीच्या प्रशिक्षणांत जाऊन बसला होता, आणि त्यामुळे त्याच्या लेखनाला प्रयोगशाळेइतकाच दुकानाचाही वास आहे. उपकाराची परतफेड, दिलेल्या शब्दाशी सुसंगती, इतरांचे अनुकरण, आवड, अधिकार आणि टंचाई ही त्याची सहा तत्त्वे आपण रोज वापरतो. ती आपल्यावर कशी चालतात, हे पाहायला प्रवासासारखी जागा नाही. परतीचे तिकीट काढताना पडद्यावर 'फक्त दोन जागा शिल्लक' असे लाल अक्षरांत झळकले. टंचाईचे प्रकरण मी नुकतेच वाचून संपवले होते, तरीही त्याच क्षणी पैसे भरून मोकळा झालो.