हेंडरसनचं घर आणि आप्पांचे अठरा लाख

‘हे पैसे वडिलांना परत करायचे नाहीत ना?’ हा प्रश्न कर्ज देणाऱ्या कंपनीने मला गेल्या जुलैत चार वेळा लेखी विचारला. चारही वेळा मी ‘नाही’ असंच लिहून दिलं. तरी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरासाठी भेट दिलेल्या पैशांच्या कागदांपायी आमचं घर एकोणीस दिवस लटकलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आम्ही लास वेगासला लागून असलेल्या हेंडरसनमध्ये घर घेतलं. घर शोधणं, ऑफर, तपासणी हे सगळं सुरळीत झालं. तपासणी भर उन्हाळ्यात झाली ते बरंच झालं. बाहेर ४४ अंश असताना एसी वरच्या मजल्यावर किती थंडावा देतो ते स्वतः उभं राहून बघता आलं. इथे घर घेताना ते आधी बघा, स्वयंपाकघर नंतर.

डाऊन पेमेंटला थोडे कमी पडत होते. सांगलीहून आप्पा म्हणाले, “ठेव मोडतो, तू काळजी करू नकोस.” अठरा लाख रुपये. भेट असल्याचं पत्र त्यांनी सही करून पाठवलं, बँकेतून पैसे निघाले, पाच दिवसांत माझ्या खात्यात जमाही झाले. मला वाटलं, संपलं.

पहिला मेल आला: आप्पांच्या स्टेटमेंटमध्ये एकाच दिवशी एवढी मोठी रक्कम कुठून आली? ठेव मोडल्याची पावती पाठवली. तीन दिवसांनी दुसरा मेल: खात्यावर आईचंही नाव आहे, मग पत्रावर तिची सही का नाही? आईची सही घेतली. पुन्हा तीन दिवस. तिसरा मेल: पत्रात जी रक्कम आहे त्यापेक्षा २५ डॉलर कमी जमा झालेत. मधल्या बँकेने शुल्क कापलं होतं, स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून, पैसे पाठवले की असं होऊ शकतं. तरी नवीन रकमेचं नवीन पत्र करावं लागलं, पुन्हा दोघांच्या सह्या.

चौथा मेल सगळ्यात वाईट. शाखेतल्या कुणीतरी परदेशी पैसे पाठवण्याच्या ए२ फॉर्मवर कारण ‘कुटुंबाचा चरितार्थ’ असं टाकलं होतं. भेटीचा कोड एस१३०२ आहे, तो टाकलाच नव्हता. पत्र म्हणतंय भेट, बँकेची पावती म्हणतेय चरितार्थ. अंडररायटरने, म्हणजे कर्जाचे कागद तपासून मंजुरी देणाऱ्याने, फाइल थांबवली.

इथे रात्रीचे साडेनऊ वाजले की तिथे बँक उघडायची. मी रोज तेव्हा फोन घेऊन बसायचे. एकाहत्तर वर्षांचे आप्पा पावसात गुडघ्याला पट्टा बांधून तीन वेळा शाखेत गेले. दोनदा ‘साहेब रजेवर आहेत’ ऐकून परत आले. तिसऱ्या दिवशी ते तिथेच बाकावर बसून राहिले आणि दुरुस्तीचं पत्र शिक्क्यासह घेऊनच उठले. व्हिडिओ कॉलवर तो कागद कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाले, “हे बघ, शिक्का नीट दिसतोय ना?” मला बोलताच येईना.

मला चीड एवढ्याचीच आहे की या चारही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगता आल्या असत्या. कागद त्यांच्यासमोरच होते. दरम्यान व्याजदर धरून ठेवायची मुदत संपली आणि ती वाढवायचे पैसे आम्ही भरले. म्हणून सांगते, भारतातून पैसे आणायचे असतील तर अर्जाच्या तीन महिने आधी आणा. कंपनी साधारण शेवटच्या दोन महिन्यांची स्टेटमेंट मागते. आणि काय काय लागेल याची पूर्ण यादी पहिल्याच आठवड्यात लेखी मागून घ्या. मी मागितली नाही, ती माझी चूक.

आणखी एक, हे आप्पांना आधी सांगायला हवं होतं. दहा लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. आठ लाखांवर १ लाख ६० हजार त्यांच्या बचत खात्यातून वेगळे गेले. मला इथे मात्र आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, काही भरावं लागलं नाही. परदेशातल्या माणसाकडून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट आली तरच ३५२० फॉर्म लागतो.

सोसायटीच्या, म्हणजे एचओएच्या कागदांचा गठ्ठा आला की त्याच रात्री वाचा. नेवाडात तो हाती पडल्यापासून पाच दिवसांत सौदा मोडता येतो, नंतर तो हक्क जातो. हेंडरसनच्या नव्या वसाहतींमध्ये रस्ते-गटारांसाठीचा एलआयडी नावाचा वेगळा हप्ताही असू शकतो. तो एचओएच्या वर्गणीत धरलेला नसतो, तेव्हा वेगळा विचारा.

सह्या झाल्या की लगेच किल्ली मिळेल असं मला वाटत होतं. तसं नसतं. क्लार्क काउंटीच्या रेकॉर्डरकडे खरेदीखताची नोंद होईपर्यंत घर विकणाऱ्याचंच. आमची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. नंतर काउंटीकडून एक साधं पोस्टकार्ड येतं, या घरात तुम्ही स्वतः राहता का म्हणून. जाहिरात समजून टाकून देऊ नका. ते भरून पाठवलं तर घरपट्टीची वाढ वर्षाला ३ टक्क्यांवर थांबते, नाहीतर ८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

टीसीएसचे पैसे आप्पांना रिटर्न भरल्यावरच वळते होतील. प्रमाणपत्र त्यांनी ठेवीच्या जुन्या पाकिटात ठेवलंय.