आईच्या फोनमधला तो पाय

गोळ्यांची पट्टी आई कालनिर्णयच्या मागं खोचून ठेवते. वर्षानुवर्षांची सवय. २०२४ च्या नोव्हेंबरातला शेवटचा रविवार होता. मी सांगलीजवळच्या हरिपूरला घरी गेलो होतो. सिलिंडर कधी लावला ते बघायला कॅलेंडरचं पान उचललं आणि मागून पट्टी खाली पडली. पंधरा गोळ्यांची पट्टी, पंधराच्या पंधरा जागेवर. तिच्यामागं आणखी एक होती, तीही तशीच.

आईला नऊ वर्षं शुगर आहे. गोळीच्या बाबतीत ती इतकी काटेकोर की एकादशीलासुद्धा चुकवत नाही. मला वाटलं डॉक्टरांनी औषध बदललं असेल. विचारलं तर म्हणाली, "असू दे रे, मग सांगते." थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून एक डबा आणून माझ्यापुढं ठेवला. आत हिरवट पावडर, उग्र वास. डब्यावर झाडपाल्याचं चित्र आणि एक मोबाइल नंबर. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही. २,४९९ रुपये कुरिअरवाल्या पोराच्या हातात रोख मोजले होते. फोनवरच्या बाईनं सांगितलं होतं, एकवीस दिवसांत शुगर मुळापासून जाते, पण आधी गोळ्या बंद करा, गोळ्यांनी किडनी जाते. दिवाळीच्या आधीपासून, म्हणजे पाच आठवडे, आईनं गोळी घेतली नव्हती.

मी तिच्यावर ओरडणार होतो. शब्द तोंडाशी आले होते. पण तिनं डबा ठेवताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि मी गप्प बसलो.

जेवणं झाल्यावर तिचा फोन घेऊन शेजारी बसलो. जाहिरात शोधावी लागलीच नाही. तीन-चार वेळा बोट सरकवलं आणि ती समोर आली. एक पाय. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळीठिक्कर, टाचेला जखम, जखमेवर माशी. मागं करवत चालल्यासारखा आवाज. मग घोगऱ्या आवाजात मराठी वाक्य : "हा पाय आज याचा आहे, उद्या तुमचा असेल." त्यानंतर पांढरा कोट घातलेला एकजण, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि खाली हिरवं बटण. आईनं पदर तोंडाला लावला होता.

"रोज येते," ती म्हणाली. "सकाळी अभंग लावायला फोन घेतला की येते. मी डोळे मिटते, पण आवाज येतोच की. रात्री झोपताना पाय चाचपून बघायचे मी. तो पाय मला माझाच वाटायला लागला होता रे."

मी सांगलीच्या विश्रामबागेत प्रिंटिंगचं दुकान चालवतो आणि गेली सात-आठ वर्षं लोकांच्या जाहिराती सोशल मीडियावर लावून देतो. साडीवाले, क्लासवाले, हळद-बेदाण्याचे व्यापारी. त्यामुळं जाहिरातीच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून 'ही जाहिरात मला का दिसते' ते उघडलं, तेव्हा काय दिसणार याचा अंदाज होता. वय ४५ च्या वर. भाषा मराठी. ठिकाण महाराष्ट्र. बस. डायबेटिसचा उल्लेख कुठंच नाही.

हे नीट सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो. तसं काही लागतच नाही. पूर्वी जाहिरातदाराला आजाराशी जोडलेल्या विषयांवरून माणसं निवडता यायची. मेटानं, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीनं, १९ जानेवारी २०२२ पासून आरोग्य, धर्म, राजकीय मतं अशा नाजूक विषयांवरून निवडायची सोय काढून टाकली. आम्हा काम करणाऱ्यांना तेव्हा वाटलं, आता हे बंद झालं. पण निवडायचं काम आता जाहिरातच करते. एखादा व्हिडिओ कुणी किती बघितला, तीन सेकंद, दहा सेकंद, पंचवीस टक्के, पन्नास टक्के, पंच्याहत्तर टक्के, याच्या याद्या आपोआप बनतात आणि त्या यादीतल्या माणसांना पुन्हा जाहिरात दाखवता येते. मग 'यांच्यासारखी आणखी माणसं शोध' असंही सांगता येतं. साडीच्या दुकानासाठी हे मी दर सणाला करतो. ज्यानं पैठणीचा व्हिडिओ निम्मा बघितला, त्याला दुसऱ्या दिवशी किंमत दाखवायची.

आता कुजलेला पाय पंचेचाळिशीच्या वरच्या लाखभर लोकांपुढं टाकला, तर थांबून कोण बघणार? ज्याला शुगर नाही तो शिसारी येऊन पुढं जातो. ज्याला शुगर आहे, ज्याच्या ओळखीत कुणाचा पाय काढलाय, तो थांबतो. आईच्या थोरल्या बहिणीचा पाय गुडघ्याखालून काढला होता. आई थांबली. भीतीनं थांबली की आवडलं म्हणून थांबली, हे यंत्राला कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही एकच. एवढा किळसवाणा फोटो मुद्दामच निवडलेला असतो, कारण तोच चाळणीचं काम करतो. तिनं फॉर्ममध्ये नाव-नंबर भरला तेव्हा ती कायमची त्यांच्या यादीत गेली.

हे सगळं मला कळत होतं, कारण मी स्वतः एकदा केलंय. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा महापूर ओसरल्यावर पाण्याच्या फिल्टरच्या एका विक्रेत्याचं काम आलं. मी गढूळ पाण्याचा ग्लास आणि सलाइन लावलेलं लहान मूल असं चित्र केलं. नकाशावर पिन लावली आणि ज्या गल्ल्यांत पाणी शिरलं होतं तेवढ्याच भागात जाहिरात सोडली. चिखल अजून भिंतींवर होता. फिल्टर खपले, विक्रेता खूश झाला, मीही खूश झालो. फिल्टर चांगले होते, खोटं काही लिहिलं नव्हतं. तरी त्या रात्री आईच्या शेजारी बसून मला ते सलाइनचं चित्र आठवलं आणि ते आता विसरायला होत नाही.

सोमवारी आईला मिरजेला नेलं. उपाशीपोटी शुगर २३६. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी ऑगस्टात ७.२ टक्के होती, ती ८.९ झालेली. डॉक्टर रागावले नाहीत. डबा उघडून वास घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मावशी, पाय वर घ्या." मग एका काडीच्या टोकाला लावलेला जाड नायलॉनचा धागा काढला, गळाच्या दोऱ्यासारखा. ठरावीक वजनाचा, १० ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. "डोळे मिटा. लागलं की 'हं' म्हणा." उजव्या तळव्यावर दहा ठिकाणी टेकवला, दहाही वेळा आई "हं" म्हणाली. डाव्या करंगळीच्या खाली टेकवला. धागा वाकला. आई गप्प. डॉक्टरांनी पुन्हा टेकवला. आई डोळे मिटून वाट बघत होती.

"इथं थोडी संवेदना कमी झालीय," डॉक्टर म्हणाले. "अनवाणी चालायचं नाही, देवळातसुद्धा मोजे घालायचे. रात्री तळवे आरशात बघायचे. गोळी आज दुपारपासून." सगळं मिळून चार मिनिटं. पाय जाऊ शकतो हे त्यांनीही सांगितलं, लपवलं नाही. पण आई बाहेर आल्यावर म्हणाली, "आता काय करायचं ते तरी कळलं."

भीती दाखवूच नये असं माझं म्हणणं नाही. मी जाहिरातीचा छोटा कोर्स केला तेव्हा आम्हाला बेनेटनची १९९२ ची जाहिरात दाखवली होती, एड्सनं मरणपंथाला लागलेला तरुण आणि त्याला कवटाळलेले वडील, खाली कपड्यांच्या कंपनीचं नाव. वर्गात तासभर भांडण झालं, हे जागं करणं की विकणं. तेव्हा मला उत्तर सापडलं नव्हतं. आपल्याकडं १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग कॅन्सरच्या चित्रानं आणि इशाऱ्याच्या मजकुरानं व्यापलेला असतो. ते चित्रही पाहवत नाही. पण सप्टेंबर २०१८ पासून त्याच चित्राशेजारी १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर छापलेला असतो, व्यसन सोडायला मदत करणारा. पाकीट घेणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं, एकट्याला गाठून नाही. आईच्या फोनमध्ये भीतीच्या खाली होतं ते हिरवं बटण, आणि ती एकटी होती.

मंगळवारपासून तक्रारींना लागलो. सगळ्यात आधी केलेली चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्याची होणार नाही. रागाच्या भरात मी आधी 'जाहिरात लपवा' दाबलं. लपवली की ती आपल्याला पुन्हा दिसत नाही, म्हणजे पुरावा गेला. नशिबानं ॲपच्या जाहिरातींच्या जाहीर संग्रहात त्या पानाचं नाव टाकल्यावर ती सापडली. तिथं सध्या चालू असलेल्या जाहिराती कुणालाही बघता येतात. त्याच पायाच्या तेवीस जाहिराती होत्या. कुठं आवाज बाईचा, कुठं पुरुषाचा, कुठं वाक्य बदललेलं. जी जास्त थांबवते ती पुढं चालवायची, हेही आमच्या धंद्यातलं नेहमीचं. सगळ्यांचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं, लिंका वहीत उतरवल्या, कुरिअरची चिठ्ठी आईनं डब्यात ठेवली होती ती घेतली.

ॲपवरची साधी तक्रार दुसऱ्या दिवशी परत आली, नियमभंग आढळला नाही म्हणून. एखाद्यानं इथंच सोडून दिलं असतं. पण २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या ॲपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तेव्हाचा नियम असा की २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल. तो पटला नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन जाता येतं. मी त्या अधिकाऱ्याला लिहिलं, आणि या वेळी 'जाहिरात वाईट आहे' असं न लिहिता कायदा लिहिला. औषधे आणि जादूचे उपाय कायदा, १९५४. त्याच्या अनुसूचीत ५४ आजार आहेत, त्यांत डायबेटिस आहे. हे आजार बरे करतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा, पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. औषध खरं की खोटं हा प्रश्नच येत नाही. अकराव्या दिवशी मी लिंक दिलेली जाहिरात गेली. मग उरलेल्या बावीस लिंका पाठवल्या.

दुसरीकडं अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडं तक्रार केली. ही १९८५ पासूनची, जाहिरात व्यवसायानंच उभी केलेली संस्था. तक्रारीला पैसे पडत नाहीत, ७७१०० १२३४५ या व्हॉट्सॲप नंबरवरही करता येते. ग्राहकाचा विश्वास आणि त्याचं अज्ञान यांचा गैरफायदा जाहिरातीनं घेऊ नये, असं त्यांच्या संहितेत स्पष्ट आहे. तो मुद्दा मी तसाच लिहिला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पैशांची नोंद केली. पैसे परत आले नाहीत, आणि रोख दिलेल्याचे येतील अशी आशाही मी धरलेली नाही. डबा उरलेल्या पावडरीसकट अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दिला, पोच घेतली.

यात महिना गेला. दुकानातली कामं रात्री करावी लागली. बायको एकदा म्हणाली, "एक जाहिरात गेली की दोन येतात, कशाला जीव काढताय?" खरं आहे. जानेवारीत तोच पाय दुसऱ्या नावाच्या पानावर आला. मी पुन्हा लिंक पाठवली, या वेळी चार दिवसांत गेली. आईच्या फोनमध्ये जाहिरातींच्या सेटिंगमध्ये जाऊन इतर ॲप आणि वेबसाइटवरून गोळा झालेली माहिती पुसली, वजन कमी करण्याच्या जाहिराती कमी दाखवा असं सांगितलं. पंधरा दिवस गुडघ्यांच्या तेलाच्या जाहिराती आल्या, मग बियाणं, मग भांडी.

फेब्रुवारीत फिल्टरवाले विक्रेते दुकानात आले. उन्हाळ्याच्या आधी जाहिरात करायची म्हणाले, "तसंच काहीतरी करा, पोराचं. लोक हलले पाहिजेत." मी त्यांना आईची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेत राहिले, चहा संपवला. मी म्हटलं, पाण्याचा तपासणी अहवाल टाकू, आधीचा आणि नंतरचा, दोन आकडे शेजारी-शेजारी. त्यांना फारसं पटलं नाही. "बघू," म्हणाले आणि गेले. काम दुसरीकडं गेलं असेल.

रात्री साडेनऊला आई पलंगावर बसते, खाली आरसा ठेवते. वाकता येत नाही म्हणून मी असलो तर फोनचा टॉर्च मी धरतो. डाव्या करंगळीखाली तिनं पेनानं एक ठिपका काढून ठेवलाय, तिथं आधी बघायचं. कालनिर्णयच्या मागची पट्टी आता अर्धी फोडलेली असते. पुढची तपासणी १२ तारखेला आहे.