तळघरातला पायथन

ऑगस्टचा पाऊस लागला होता. सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णा चढत होती आणि दवाखान्यात गाई-म्हशींचेच फोन सुरू होते. त्यात एक निराळा आला : "डॉक्टर, माझा बॉल पायथन तोंड उघडून बसतोय. खातही नाही."

पत्ता विश्रामबागेतला, मुलगा कॉलेजातला. साप म्हटलं की मी आधी कागद विचारतो. आपल्याकडचे साप पाळायला कायद्यानं बंदी आहे आणि बॉल पायथनसारख्या परदेशी जातीचीही आता सरकारदरबारी नोंद लागते. त्यानं ती केलेली होती.

तळघरात उतरलो तर भिंतींना घाम फुटलेला. टाकीत साप मान उंच करून बसला होता, नाकपुड्यांशी बुडबुडे. कानाशी धरला, तर प्रत्येक श्वासाला बारीक चिरचिर. तोंड उघडून पाहिलं, आत चिकट तार. सापाला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, नसतं, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. छातीत साठला की साठतच जातो.

"ओलावा कमी पडू नये म्हणून रोज पाणी फवारतो, सर. मीटर साठच दाखवतंय."

मीटर झाकणाला, बल्बच्या शेजारी चिकटवलेलं. माझं डिजिटल मीटर मी खाली कोकोपीटवर ठेवलं : 92 टक्के, तापमान 23. सापाला अंधार हवा म्हणून बल्ब रात्री बंद व्हायचा. अंधार हवाच, पण त्याबरोबर ऊबही जात होती, आणि सकाळी टाकी तापायला बराच वेळ लागायचा. 31 अंशांना 60 टक्के असलेली हवा 23 अंशांवर उतरली, की पाणी तेवढंच राहूनही ओलावा नव्वदीपार जातो. बॉल पायथनला 60 टक्के मानवतात, कात टाकताना तर 70 लागतात. त्याचा घात करते ती गार ओल. अंग थंड पडलं की त्याची रोगाशी लढायची ताकदच मंदावते.

अँटिबायोटिक सुरू केलं, दर 72 तासांनी एक इंजेक्शन, तेही शरीराच्या पुढच्या भागात. मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांकडे जातं. पण तळघर तसंच राहिलं असतं तर औषध वाया गेलं असतं. मुलगा खिडकी उघडायला निघाला, त्याला थांबवलं. बाहेरची हवा अजून ओली होती. खोलीत हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर लावला. टाकी जमिनीवरून उचलून भिंतीपासून दूर, लाकडी स्टँडवर ठेवली. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडला : एका टोकाला 32, दुसऱ्या टोकाला 27, रात्रीसुद्धा. फवारणी बंद. कातीसाठी फक्त एका डब्यात ओलं शेवाळ.

मुलाच्या आई सापाला हात लावत नाहीत, पण रात्री झोपण्याआधीचे आकडे वहीत त्याच लिहायच्या. पुढच्या तपासणीला वही घेऊन आल्या. सगळ्या रात्री 27 च्या आसपास. चिरचिर थांबली होती, तोंड मिटलेलं होतं. वजन अजून भरलं नव्हतं, म्हणून पहिला उंदीर लहानच द्यायला सांगितला.