सात मिनिटांचं इंजेक्शन

आज आमच्या कॅन्सर युनिटमध्ये नुसती धावपळ, आत्ता कुठे चहा घेऊन टेकलेय. इथे इंग्लंडमध्ये एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, २०२३ मध्ये अटेझोलिझुमॅबचं इंजेक्शन सुरू केलं, म्हणजे इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं) तेच औषध पण शिरेतून न देता मांडीत, कातडीखाली. सलाईनमधून पहिला डोस एक तास, तो सोसला तर पुढचे अर्ध्या तासात, शिवाय शीर सापडेपर्यंतचा आणि फार्मसीतून बॅग येईपर्यंतचा वेळ वेगळाच. इंजेक्शन सात मिनिटांत खलास! ऐकायला भारी वाटतं, पण ती सात मिनिटं १५ मिली हळूहळू ढकलत मीच बसलेली असते ना, अंगठा पार भरून येतो, आणि पंप लावून दुसऱ्या पेशंटकडे पळायची सोय नाही.

तेवढ्यात माणसं बोलतात मात्र. आज एक आजोबा होते, लंग कॅन्सरचे, आधी शीर शोधून शोधून त्यांचा हात काळानिळा व्हायचा. आज मांडी जराशी लाल झाली तर म्हणाले, हे परवडलं, बायको गाडीतच बसलीय, पार्किंगचे पैसे वाचले. 😄

बाकी रक्त, थायरॉईड, लिव्हर सगळं तपासायचंच, औषध तेच म्हटल्यावर साइड इफेक्टवरही तेवढंच लक्ष. आणि सगळ्यांनाच घाई नसते हो. एका बाईंना इंजेक्शनचं विचारलं तर म्हणाल्या नको, मला माझी खुर्चीच बरी, शेजारणीशी गप्पा होतात. लावलं मग ड्रिप, दोघींना शेजारी शेजारी.