काच उचलायची की काचेचं कारण?

रविवार, बडोदं

वेबसाइट-अ‍ॅपचं डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं ‘प्रेरणा’ नावाचं फोल्डर उघडलं की बहुतेक वेळा दुसऱ्यांचे तयार स्क्रीनच निघतात. त्यांत उत्तर दिसतं; ते कोणत्या अडचणीवरचं, हे दिसत नाही. मग गोल कोपरे आणि सावल्या तेवढ्या उचलल्या जातात. बडोद्यात राहून तरी असं करू नये. इथे अडचण आणि तिचं उत्तर एकाच इमारतीत सापडतं.

मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालयच घ्या. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. या ग्रंथालयात पुस्तकांच्या पोलादी मांडण्या एकावर एक चढत जातात, आणि मधली जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड खालच्या कप्प्यांपर्यंत झिरपतो. वहीत हे तीन ओळींत लिहावं. अडचण: खालचा थर अंधारात. उपाय: मधला थर उजेड अडवणार नाही असा. माझ्या कामात: मेन्यूच्या तिसऱ्या पायरीवर दडलेल्या मजकुराची दोन-तीन शीर्षकं पहिल्याच पानावर दिसू द्यायची.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे काचेचं कारण सोडून काचच उचलणं. स्क्रीनवर धूसर, अर्धपारदर्शक कार्ड (मजकुराची चौकट), त्यावर पांढरी अक्षरं, मागे फोटो. फोटोचा उजळ भाग कार्डाखाली आला की अक्षरं विरघळतात. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, लागतो. २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या अक्षरांना (ठळक असतील तर साधारण १९ पिक्सेलपासून) ३:१ चालतो. हा आकडा फोटोच्या सरासरी रंगावर काढून उपयोग नाही. सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद अशा दोन्ही जागी तपासायचा.

तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांपाशी वेळ हाताशी ठेवूनच जावं. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या या वाड्याच्या भिंतींवर रामायण-महाभारत, कृष्णकथा आणि दरबारी प्रसंग एकमेकांना खेटून आहेत. विषय इतके भिन्न असूनही भिंत विस्कटत नाही, कारण चौकटी आणि किनारी तिला बांधून ठेवतात. वेबसाइटवर वेगवेगळ्या लोकांनी पाठवलेले फोटो एकत्र लावताना अगदी हाच प्रश्न येतो.

फोटो घेताना फ्लॅश बंद. भिंतीसमोर सरळ उभं राहावं, तीन-चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करावा. जवळून रुंद लेन्सने घेतलं तर कडेच्या चौकटी ताणल्या जातात आणि मापं चुकतात. एका फोटोत कडेला पांढरा कागद धरावा, म्हणजे नंतर रंग त्याच्यावरून जुळवता येतो. घरी आल्यावर आकृत्या सोडून फक्त चौकटींच्या रेघा गिरवायच्या. सर्वांत लहान अंतर १ मानून बाकीची त्याच्या पटीत लिहायची. स्क्रीनवर तो १ म्हणजे ८ पिक्सेल. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर दोन्ही कडांना १६ सोडले की ३२८ उरतात. मध्ये ८-८ चं अंतर ठेवून एका ओळीत तीन चित्रं लावली तर प्रत्येकाला १०४ मिळतात, दोन लावली तर १६०. १०४ मध्ये माणसाचा चेहरा ओळखू येतो, पण प्रसंग कळत नाही. भिंतीसारख्या प्रसंगचित्रांना दोनच बरी.

रंग एका बिंदूवरून उचलू नये. जुन्या रंगात दाणे असतात, चिरा असतात. थोडा भाग धूसर करून सरासरी घ्यावी. शेजारी छान दिसणारे दोन मध्यम रंग मजकूर आणि पार्श्वभूमी म्हणून कॉन्ट्रास्टमध्ये बहुधा नापास होतात. तेव्हा छटा तीच ठेवून एकाचा उजळपणा कमी करायचा.

दांडिया बाजारातून रावपुऱ्याकडे येताना पाट्या पाहाव्यात. गुजरातीला शिरोरेषा नाही, देवनागरी शिरोरेषेला लटकते, इंग्रजी खालच्या रेषेवर उभी असते. म्हणून तिन्ही लिपी एकाच पिक्सेल मापात टाकल्या की एक लहान, एक मोठी भासते. आधी ‘क’ (इंग्रजीत k) तिन्ही लिपींत शेजारी ठेवून डोळ्याला सारखा वाटेपर्यंत मापं बदलावीत, मग पान रचावं. इंग्रजीला लाइन-हाइट, म्हणजे एका ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या १.५ पट पुरते, मराठीला १.६ ते १.७ द्यावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. तपासायला ‘कर्तृत्व’, ‘दुर्दैवी’, ‘ट्रॅक्टर’ हे शब्द घ्यावेत. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्यच ठेवावी. वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा ढीग होतो. हे फार खटकतं, आणि तरी सगळीकडे दिसतं. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवली तर सोय असलेले फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात. बटणांना ठरावीक रुंदी देऊ नये. इंग्रजीत मावलेलं बटण मराठीत दोन ओळींचं होतं.

उद्या कीर्तिमंदिर, गायकवाड घराण्याचं स्मारक. तिथे चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं: गंगावतरण, मीरा, नटीर पूजा (रवींद्रनाथ टागोरांचं नाटक), महाभारताचं युद्ध. युद्धातली गर्दी आणि मीरेची शांतता एकाच दालनात कशी नांदतात, मोकळी जागा कुठे आणि किती सोडली आहे, एवढंच पाहायचं. सोबत पट्टी, चौकटींची वही, पांढरा कागद.